पहिली मोटार आणि तिचा विमा

तंजावूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या घराण्याला त्या नगरीत येऊन तीन शतके लोटली. घरात मराठी, पेठेत तमिळ आणि सरकारी कागदात इंग्रजी असा त्यांच्याकडील परिपाठ आहे. त्यांच्या बावीस वर्षांच्या कन्येला नुकताच मोटार चालवण्याचा परवाना मिळाला असून कुंभकोणमचे मामा आपली जुनी मोटार भाचीला माफक किमतीत देण्यास तयार आहेत. मोटारीचा विमा अजून सात महिने शिल्लक आहे. तोच चालू द्यावा, नव्या खर्चात कशाला पडता, असे मामांचे म्हणणे. कायद्यापुरता स्वस्तातला विमा पुरे, असे वडिलांचे मत. कन्येला यातले काही ठाऊक नाही; तिला गाडीच्या किल्ल्या हव्या आहेत.

मातोश्रींची काळजी मात्र निराळी आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या नात्यातील एका गृहस्थांच्या मोटारीची ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एका सायकलस्वारास धडक बसली. मजुरी करणारा तो माणूस एका पायाने कायमचा अधू झाला. मोटारीच्या विम्याची मुदत अकरा दिवसांपूर्वीच संपली होती. न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई त्या गृहस्थांना पदरची द्यावी लागली आणि त्यासाठी वडिलोपार्जित भातशेतीपैकी सहा 'मा' जमीन विकावी लागली. (कावेरीच्या त्या मुलुखात तीन मा म्हणजे सुमारे एक एकर.) "विकणाऱ्याचे दुःख आम्ही पाहिले, पण सायकलवाल्याच्या बायकोने पैशांची किती वर्षे वाट पाहिली, तेही पाहिले," असे त्या लिहितात. या वाक्यासाठी त्यांचे पत्र आम्ही जपून ठेवणार आहोत, कारण मोटारीच्या विम्याचे सारे मर्म त्यात आले आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. आपल्या देशात १९३९ साली मोटार वाहनांचा कायदा झाला आणि त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. आज त्या जागी १९८८ चा कायदा आहे. त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे विमा नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि दुसऱ्यास चालवू देताही येत नाही. हा नियम मोडल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड चार हजार. पण दंडाची रक्कम हा खरा धोका नव्हे. खरा धोका त्या सहा मा जमिनीचा आहे.

सक्ती आहे ती त्रयस्थांच्या विम्याची. एजंट मंडळी त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. विमा घेणारा हा पहिला पक्ष, कंपनी हा दुसरा आणि आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होते तो रस्त्यावरचा मनुष्य तिसरा. त्याच्या मृत्यूबद्दल अथवा दुखापतीबद्दल न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती कंपनी भरते. या रकमेस मर्यादा नाही. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र खाजगी मोटारीच्या बाबतीत साडेसात लाखांची मर्यादा आहे. भरपाई ठरवताना जखमी वा मृत व्यक्तीचे वय, मिळकत आणि तिच्यावर अवलंबून असणारी माणसे पाहिली जातात. तरुण व मिळवत्या माणसाच्या बाबतीत ती रक्कम कित्येक लाखांत जाते. मध्यम स्थितीतील कोणते कुटुंब ती शिलकीतून देऊ शकेल?

या विम्याचा हप्ता कंपनी आपल्या मर्जीने ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात एक हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, एक हजार ते दीड हजारपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये असे दर होते. कर निराळा. दर मधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. नवी कोरी मोटार घेणाऱ्यास मात्र हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आला आणि त्याचे मूळ तमिळनाडूतच आहे. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्त्यावरील अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याच प्रकरणात न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये हा आदेश दिला. पहिल्या वर्षानंतर विम्याचे नूतनीकरण करण्याचा पुष्कळांना विसर पडतो, हे त्यामागचे कारण.

आता वडिलांचे मत पाहू. कायद्यापुरता विमा घेतला तर कायदा संतुष्ट होतो. परंतु आपल्या मोटारीचे नुकसान झाल्यास त्यातून एक पैही मिळत नाही. नोव्हेंबर २०१८ मधले 'गज' चक्रीवादळ तंजावूरकरांच्या स्मरणात असेलच. पट्टुक्कोट्टै भागात नारळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी झाड मोटारीवर पडले तर त्रयस्थांच्या विम्याचा काही उपयोग नाही. वादळ, पूर, आग, चोरी, टक्कर यांसाठी स्वतःच्या वाहनाचा विमा जोडून घ्यावा लागतो. दोन्ही मिळून होतो तो सर्वंकष विमा. शिवाय आपल्याच गाडीत बसलेले आप्तेष्ट केवळ कायद्यापुरत्या विम्यात सहसा येत नाहीत, सर्वंकष विम्यात येतात. मुलगी आजीला घेऊन बृहदीश्वराच्या दर्शनास निघणार असेल, तर हा फरक आधी समजून घ्यावा.

सर्वंकष विम्याचा खर्च किती? पाश्चात्त्य देशांत तरुण व नवशिक्या चालकाकडून भरमसाट हप्ता घेतात. आपल्याकडे हप्ता प्रायः चालकावर नव्हे, वाहनावर ठरत आला आहे: वाहनाची किंमत, वय, इंजिन आणि नोंदणीचे गाव. गावांचे दोन विभाग आहेत. चेन्नई, मुंबई, पुणे यांसारखी मोठी शहरे 'अ' विभागात व बाकीचा देश 'ब' विभागात. तंजावूर दुसऱ्यात येते, तेथे दर किंचित कमी.

मामांच्या मोटारीचाच हिशेब मांडू. समजा, तिची नवेपणाची किंमत सहा लाख होती आणि तिला चार वर्षे होऊन पाचवे चालू आहे. विम्यासाठी या वयाच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे तीन लाख. एजंट जिला 'आयडीव्ही' म्हणतात ती हीच, आणि गाडी चोरीस गेली तर मिळायची तीही हीच. स्वतःच्या वाहनाच्या विम्याचा दर २००२ च्या जुन्या दरपत्रकात शेकडा सव्वातीनच्या आसपास होता. २००७ पासून कंपन्यांना हे दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि आता त्या बरीच सूट देतात. तरी अंदाजासाठी तोच दर धरू. हप्ता झाला ९,७५० रुपये. मामांनी चार वर्षे एकही दावा केलेला नाही, म्हणून त्यांना शेकडा ४५ सवलत मिळते आणि ते सुमारे ५,३६० रुपयेच भरतात.

मामांचा सल्ला फसतो तो नेमका येथे. दावा न केल्याची ही सवलत मोटारीची नसून माणसाची असते. मोटार विकली की सवलत मामांकडे राहते. ती त्यांना पुढच्या गाडीस लावता येईल, भाचीला नाही. भाचीने फरकाची रक्कम उरलेल्या सात महिन्यांच्या प्रमाणात भरली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे असे की, मोटार नावावर होताच त्रयस्थांचा विमा तिच्याकडे आपोआप येतो असे कायदा मानतो. पण स्वतःच्या वाहनाचा विमा तसा येत नाही. त्यासाठी हस्तांतरणाच्या तारखेपासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो न करता गाडी ठोकली तर मामा मालक नाहीत आणि भाची विमाधारक नाही, म्हणून दावा दोघांचाही नाही. नात्यातला व्यवहार असला म्हणून कागद मागे ठेवू नयेत.

मोटार कोणाच्या नावावर असावी, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो मालकाचाच, आणि मालकापाशी वैध परवाना असेल तरच. वडिलांना परवाना नसून मोटार मात्र त्यांच्या नावावर असेल, तर चालवणाऱ्या कन्येस हे संरक्षण मिळत नाही. चालक हा 'त्रयस्थ' नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. चालवणार ती, तर मोटार तिच्याच नावावर व्हावी, हे उत्तम.

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवली तर विमा लागू होतो का, असेही पत्रात विचारले आहे. धाकटा भाऊ आता शिकणार आहे. होतो, परंतु शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला हवा आणि गाडीवर 'एल' अक्षराची पाटी हवी. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती मात्र मोटार कदापि देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या अपराधाबद्दल पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते.

व्यवहाराच्या आणखी काही गोष्टी. दावा केला तरी पहिले एक हजार रुपये (मोठ्या इंजिनास दोन हजार) आपलेच जातात. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांची निम्मी किंमत कंपनी घसारा म्हणून कापते. म्हणून लहानसहान ओरखड्यासाठी दावा करून वर्षाची सवलत घालवण्यापूर्वी दोन्ही रकमा ताडून पाहाव्यात. पुराच्या पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हापुन्हा सुरू करू नये. इंजिनाचे असे नुकसान साध्या विम्यात बहुधा नाकारले जाते. मुदत संपल्यानंतर नव्वद दिवसांत नूतनीकरण केल्यास सवलत टिकते, पण त्या दिवसांत संरक्षण मात्र नसते. अकरा दिवसांची गोष्ट आपण वर वाचलीच आहे.

दुर्दैवाने अपघात झालाच तर आधी जखमीस रुग्णालयात पोहोचवावे. कायद्यानेही चालकाचे ते कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत पोलिसांस कळवावे, कंपनीस विनाविलंब सूचना द्यावी आणि कंपनीचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत दुरुस्तीस हात लावू नये. कंपनीने अन्याय्य नकार दिला तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात निरसन न झाल्यास चेन्नईच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

ज्या ओरत्तनाडूच्या रस्त्यावर तो अपघात झाला, तेथेच सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावे उभारलेले अन्नछत्र आहे. रामेश्वरास जाणारा अनोळखी वाटसरू उपाशी राहू नये, म्हणून त्या काळी दौलतीने त्याचा भार उचलला. आज अनोळखी वाटसरूचा भार प्रत्येक मोटारवाला वर्षाला दोन-तीन हजार रुपये भरून थोडाथोडा उचलतो. तो हप्ता सायकलवाल्याच्या बायकोसाठी आहे, हे आमच्या भगिनींनी कन्येला किल्ल्या देताना सांगावे. मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच तांबड्या शाईने लिहून ठेवावी, आणि मगच गाडी फाटकाबाहेर काढावी.