कॉलेजची कुस्ती आणि आपली तालीम

अमेरिकेत कुस्ती चालते असं आपल्याकडे कुणाला सांगितलं की त्याच्या डोळ्यासमोर पहिला येतो तो अंडरटेकर. खुर्च्या हाणणारे, रिंगच्या दोऱ्यांवरून उड्या मारणारे ते नाटकी पैलवान. मंडळी, तो प्रकार वेगळा. मी म्हणतोय ती कॉलेजातली कुस्ती. गादीवरची, खरीखुरी, आणि घामाचा वास अगदी आपल्या तालमीसारखा असलेली. या कुस्तीचा मी गेली बारा-तेरा वर्षं भक्त आहे. आणि भक्त असल्यामुळेच मला आपल्या कुस्तीबद्दल काही बोलायचं आहे.

आधी माझी ओळख. पीएचडीसाठी मी आयोवा राज्यात होतो. मक्याची शेतं, डुकरं, सहा महिने थंडी आणि कुस्ती, एवढंच तिथे आहे. हल्ली मुक्काम कुवेतमध्ये, दस्मान भागात. दस्मान म्हणजे कुवेत शहराचं समुद्रात घुसलेलं टोक. कुवेत टॉवर्स इथून हाकेच्या अंतरावर. खेळाच्या इतिहासात या जागेची एक दुःखद नोंद आहे. आशियाई ऑलिंपिक परिषदेचे अध्यक्ष शेख फहद अल-अहमद २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी आक्रमणात इथल्याच दस्मान राजवाड्यापाशी मारले गेले. असो. दस्मानचा एक फायदा मात्र सांगायलाच हवा. अमेरिकेच्या मध्य भागात शुक्रवारी रात्री आठला लढत सुरू होते, तेव्हा इथे शनिवारची पहाट, पाच वाजलेले असतात. शनिवारी इथे सुट्टी. चहाचा कप आणि लॅपटॉप घेऊन बसायचं. बायको याला 'पहाटेची पूजा' म्हणते.

आता या मोसमाची रचना सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मोसम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. ही स्पर्धा पहिल्यांदा झाली १९२८ साली, आयोवातल्याच एम्स गावी. एकूण दहा वजनगट, १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत. मधल्या काळात दर आठवड्याला दोन कॉलेजांची समोरासमोर लढत होते. दहा गट, दहा कुस्त्या, प्रत्येकी सात मिनिटांची. पण गुण कॉलेजच्या खात्यात जातात. साध्या गुणांनी जिंकलात तर संघाला तीन, मोठ्या फरकाने चार, एकतर्फी झाली तर पाच, आणि चितपट केलंत तर सहा.

वरवर पाहता हा नुसता हिशेब वाटेल. पण त्याचा परिणाम बघा. समजा आमचा १४९ पौंडांचा पोरगा कच्चा आहे आणि समोर देशातला पहिल्या नंबरचा मल्ल उभा आहे. तो हरणार हे पंधरा हजार प्रेक्षकांना माहीत आहे. तरी सगळं स्टेडियम उभं राहून ओरडत असतं, कारण तो चितपट न होता हरला तर विरोधी संघाला सहाऐवजी तीनच गुण मिळतात. त्याने वाचवलेल्या त्या तीन गुणांवर अर्ध्या तासाने सगळी लढत जिंकली जाऊ शकते. हरणाऱ्या पैलवानासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारे प्रेक्षक मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिले.

वेड म्हणाल तर कमी नाही. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी आयोवा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची लढत फुटबॉलच्या उघड्या मैदानात ठेवली, तर ४२,२८७ माणसं आली. आयोवाची २४ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, ओक्लाहोमा स्टेटची ३४. हल्ली मात्र पेन स्टेटचं राज्य आहे. २०११ ते २०२५ या पंधरा वर्षांत बारा वेळा तेच जिंकले. (हे वाक्य लिहिताना आयोवावाल्याच्या पोटात दुखतं, पण काय करणार!) आमचं दैवत डॅन गेबल. शाळा-कॉलेज मिळून हा माणूस १८१ कुस्त्या जिंकला आणि शेवटची, १९७० च्या राष्ट्रीय अंतिम फेरीतली, हरला. मग १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्णपदक घेऊन आला. पुढे २१ मोसम आयोवाचा वस्ताद राहिला आणि १५ विजेतेपदं मिळवून दिली.

दुःखंही आहेत. आमचा स्पेन्सर ली तीन वेळचा विजेता. २०२३ साली चौथं विजेतेपद घ्यायला आला आणि उपांत्य फेरीत शेवटचा एक सेकंद उरलेला असताना चितपट झाला. इथे दस्मानमध्ये मी अर्धा तास नुसता भिंतीकडे बघत बसलो होतो.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्यालाही मोसम आहे. गावोगावच्या जत्रांचे फड, कुंडलसारखी मोठी मैदानं, आणि कोल्हापूरचं खासबाग. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या, १९१२ साली सुरू झालेल्या त्या मैदानात कुठेही बसा, मधला हौदा स्पष्ट दिसतो. हलगीचा कडकडाट, निवेदकाची तुफान बॅटिंग, नारळावरच्या कुस्तीपासून लाखाच्या जोडीपर्यंत लागलेल्या कुस्त्या, घिस्सा, ढाक, कलाजंग... हे वैभव आयोवात नाही. तिथे मध्ये मध्ये पिझ्झाच्या जाहिराती लागतात. त्यामुळे 'अमेरिकेचं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट' असा सूर मी लावणार नाही. परदेशात राहणाऱ्यांच्या लिखाणात तो फार होतो आणि वाचून कंटाळा येतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या फडात जो जिंकतो तो दिसतो. जो हरतो, किंवा जो नुसताच बरा पैलवान आहे, त्याचं पुढे काय होतं?

माझ्या मावसभावाचं उदाहरण घ्या. सातवीत असताना त्याला कोल्हापूरच्या एका तालमीत ठेवला. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका, सपाट्या, माती उकरणं, मग खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई. या खुराकापायी मावशीने दोन म्हशी दारात ठेवल्या आणि ऊसबिलाचा मोठा वाटा दरवर्षी तिकडे घातला. बारावीनंतर त्याने कॉलेजात नाव घातलं. कॉलेजला तो हवा होता तो विद्यापीठाच्या स्पर्धेपुरता, म्हणजे वर्षातले चार दिवस. बाकी वर्षभर सराव तालमीचा, खर्च घरचा आणि गैरहजेरी त्याची. दुसऱ्या वर्षी परीक्षेला बसता आलं नाही. चोविसाव्या वर्षी गुडघा गेला. आज त्याच्याकडे मोडलेले कान आहेत, कपाटात तीन-चार गदा आहेत आणि पदवी नाही. पोलीस भरतीचं वय निघून गेलं. पैलवान म्हणून गावात मान आहे. पण मानावर घर चालत नाही.

आयोवात माझ्या प्रयोगशाळेत एक पोरगा होता, १५७ पौंडांचा राखीव पैलवान. तो राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कधी पोचलाच नाही. पण प्रत्येक सत्रात ठरावीक गुण नसतील तर गादीवर पाय ठेवता येत नाही हा नियमच, त्यामुळे अभ्यास सुटला नाही. आज तो पुलांची डिझाइन्स करतो. मावसभाऊ त्याच्यापेक्षा निश्चित चांगला पैलवान होता! दोघांच्या अंगातल्या कुस्तीत फरक नव्हता, फरक होता तो पाठीशी कोण उभं होतं यात.

'हे सगळं पैशाचं काम,' असं तुम्ही म्हणाल. पैसा आहेच. पण समजतो तेवढा नाही. २०२५ पर्यंत तिथल्या पहिल्या श्रेणीच्या संघालाही कुस्तीसाठी जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, त्याही तीस-पस्तीस पोरांत वाटून. बहुतेक पोरं अर्धीमुर्धी फी भरूनच कुस्ती खेळत. खरी गुंतवणूक आहे ती वेळापत्रकाची. कुस्ती कधी, वर्ग कधी, वजन कधी, हे ऑगस्टमध्ये ठरलेलं असतं.

'तिकडे तरी सगळं आलबेल आहे का?' नाही. १९९७ साली अवघ्या सहा आठवड्यांत तीन कॉलेजांचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून. त्यानंतर नियम बदलले. त्या सुटांवर आणि गरम खोल्यांवर बंदी आली, मोसमाआधी अंगातलं पाणी आणि चरबी मोजून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायला लागले, वजन लढतीच्या अगदी आधी घ्यायला लागले. कितीतरी कॉलेजांनी खर्चापायी कुस्ती बंदही केली. आणि मुलींच्या कुस्तीला राष्ट्रीय स्पर्धेची मान्यता द्यायला त्यांना जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. तोवर आपल्या साक्षी मलिकच्या ऑलिंपिक पदकाला आठ वर्षं होऊन गेली होती! पण तीन पोरं गेल्यावर वर्षभरात नियम बदलू शकले, कारण बदलायला एक यंत्रणा होती. विनेश फोगाटचे ते १०० ग्रॅम २०२४ मध्ये सगळ्या देशाने मोजले. गावच्या तालमीत वजनासाठी दोन दिवस पाणी न पिणाऱ्या पोराचे ग्रॅम कोण मोजतं?

तिसरा आक्षेप तालमीतल्या जाणत्यांचा असतो, माती की मॅट? त्यांना एक मजेची गोष्ट सांगतो. अमेरिकन कॉलेजची कुस्तीसुद्धा ऑलिंपिकची कुस्ती नाही. ती त्यांची देशी कुस्ती आहे. खालच्या मल्लाला दाबून ठेवण्याला तिथे महत्त्व. एकूण दाब मिनिटभर जास्त भरला तर वेगळा गुण. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये हे काही नाही. तिकडेही दरवर्षी 'ही देशी पद्धत सोडा' असा वाद रंगतो. तरी त्यांनी ती सोडलेली नाही आणि ऑलिंपिक पदकंही येतातच. म्हणजे अडचण मातीची नाही. ज्याला शंभर बरे पैलवान पंचविसाव्या वर्षापर्यंत टिकवता येतात, त्याला त्यातून दोन अव्वल मिळतात.

आणि आपली पोरं त्यांच्यापेक्षा कमी आहेत हेही खरं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात स्पेन्सर लीला रौप्य मिळालं आणि त्याच गटात आपल्या अमन सेहरावतला कांस्य. कांस्यपदकाच्या कुस्तीत अमनने ज्याला हरवलं तो पोर्तो रिकोचा डॅरियन क्रूझ, २०१७ चा अमेरिकन कॉलेज विजेता!

आणखी एक गोष्ट. मोसम लांब असला की एका कुस्तीवर आयुष्य टांगलेलं राहत नाही. तिथला मल्ल मोसमात वीस-पंचवीस कुस्त्या खेळतो. पंच चुकला असं वाटलं तर प्रशिक्षक व्हिडिओ पाहायला लावतो, आणि तरीही अन्याय झाला तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा गादी आहेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत जे झालं, म्हणजे निर्णयावरून वाद, पंचाला लाथ आणि मग बंदी, त्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पण सगळं वर्ष, सगळा खुराक, सगळी नोकरीची आशा एका निकालावर लटकवली की डोकी फिरणारच.

आता कुणी म्हणेल की कॉलेजची कुस्ती ही परदेशी कल्पना आहे. तर त्यांनी खाशाबा जाधव आठवावेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. सत्तर वर्षं उलटून गेली. आपण खाशाबांचे पुतळे केले, स्पर्धांना नाव दिलं. खर्डेकरांचा धडा मात्र घेतला नाही. प्राचार्यांनी घरं गहाण टाकावीत असं मी म्हणत नाही. पैलवान हा कॉलेजचा मुलगा आहे, चार दिवसांचा पाहुणा नाही, एवढं तरी मानावं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या आठ कॉलेजांनी एकत्र यावं. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी समोरासमोर लढती. दहा वजनगट, गुण कॉलेजला. मुलींचा संघ पहिल्या वर्षापासून. सराव तालमीतच होऊ दे, वस्तादही तेच असू देत. फक्त सरावाचे तास कॉलेजच्या वेळापत्रकात मोजा. हजेरी आणि गुण नसतील तर कुस्ती नाही, आणि लढतीसाठी बुडालेल्या तासांना शिक्षकांनी जादा तास घ्यायचे. वजन लढतीच्या आधी तासभर. अंतिम लढत खासबागेत, तिकीट वीस रुपये, आणि हलगी हवीच हवी.

यातून लगेच ऑलिंपिक पदक येईल असं नाही. पण पाच-सहा वर्षांनी दोन-तीनशे पोरं तरी अशी असतील, ज्यांचे कान मोडलेले आहेत आणि हातात पदवी आहे. माझ्या मते हेच पहिलं पदक. आपल्या भागातल्या एखाद्या प्राचार्यांशी किंवा संस्थाचालकांशी ओळख असेल, तर त्यांना एवढंच विचारून बघा, तुमच्या कॉलेजचे पैलवान बाकीचे तीनशे एकसष्ट दिवस कुठे असतात?