‘आधुनिक’ या एका शब्दाआड दडवलेला प्रशिक्षक : फ्रिट्झ पोलार्ड

३ ऑक्टोबर १९८९ रोजी लॉस एंजेलिस रेडर्स या संघाने आर्ट शेल यांना मुख्य प्रशिक्षक नेमले आणि अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगला ‘आधुनिक काळातील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक’ लाभला. शेल यांच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही. वाद आहे तो ‘आधुनिक काळातील’ या दोन शब्दांशी. बोलण्याच्या ओघात ते हळूच गळून पडतात आणि उरतो केवळ ‘पहिला’. हा धागा त्या दोन शब्दांविषयी आणि त्यांच्याआड झाकल्या गेलेल्या एका माणसाविषयी आहे.

(फुटबॉल म्हणजे येथे अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचे, असा हा खेळ. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे ‘पाडणे’ ध्यानात ठेवावे.)

फ्रेडरिक डग्लस पोलार्ड यांचा जन्म २७ जानेवारी १८९४ रोजी शिकागोत झाला. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे नाव आईवडिलांनी मुलाला दिले. जगाने त्याला ‘फ्रिट्झ’ म्हटले. अंगकाठी किरकोळ, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. असा मुलगा १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संघात आला आणि १ जानेवारी १९१६ रोजी रोझ बाउलच्या सामन्यात उतरणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. ब्राउनने तो सामना वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध १४-० असा गमावला. त्याच वर्षीच्या पुढील हंगामात मात्र ब्राउनने लागोपाठच्या आठवड्यांत येल आणि हार्वर्ड या दोन्ही बलाढ्य विद्यापीठांना हरवले. या विजयांचा कणा पोलार्ड होते. वॉल्टर कॅम्प यांच्या अखिल अमेरिकन संघात त्या वर्षी त्यांची निवड झाली. हार्वर्डच्या विल्यम हेन्री लुइस यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरेच कृष्णवर्णीय.

महाविद्यालयीन कीर्तीनंतर त्यांनी पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या शिक्षणसंस्थेत, प्रशिक्षकपद पत्करले. १९१९ मध्ये ते ओहायोतील अ‍ॅक्रनच्या व्यावसायिक संघाकडूनही खेळू लागले. अ‍ॅक्रन हे रबराचे आणि टायरचे शहर. कारखान्यांत दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या गोऱ्या मजुरांचा मोठा भरणा होता आणि ते आपले पूर्वग्रह सोबत घेऊनच आले होते. पोलार्ड यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार सामन्यासाठीचे कपडे त्यांना संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात बदलावे लागत, आणि तेथून मोटारीने त्यांना मैदानावर नेले जाई. गावातल्या उपाहारगृहांत त्यांना जेवण मिळत नसे, हॉटेलांत खोली मिळत नसे. मैदानातही पाडल्यानंतर मुद्दाम अंगावर उड्या पडत. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता. पडताच पाठीवर वळायचे आणि खिळ्यांचे बूट वर करून पाय झाडायचे. मग उडी मारणारा दोनदा विचार करी.

१९२० मध्ये ओहायोतील कँटन येथे एका मोटारविक्रीच्या दालनात व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. तीच पुढे नॅशनल फुटबॉल लीग झाली. तिच्या पहिल्याच हंगामात अ‍ॅक्रन प्रोज एकही सामना हरले नाहीत : आठ विजय, तीन अनिर्णित. शिकागोत जॉर्ज हॅलस यांच्या डिकेटर स्टेलीजशी झालेली लढत ०-० अशी सुटली. विजेतेपद संघटनेच्या बैठकीत मतदानाने ठरले आणि ते अ‍ॅक्रनला मिळाले. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पोलार्ड या विजेत्या संघाचे प्रशिक्षक झाले.

येथे पहिला आक्षेप येतो. एल्गी टोबिन हे गोरे गृहस्थही त्या संघाचे प्रशिक्षक होते. पोलार्ड ‘सहप्रशिक्षक’ होते. शिवाय ते स्वतः खेळतही होते. मग त्यांना पूर्ण अर्थाने प्रशिक्षक कसे म्हणावे?

ज्यांना हा आक्षेप बिनतोड वाटतो त्यांनी त्या काळचे नियम वाचावेत. सामना चालू असताना बाकावरून खेळाडूंना मार्गदर्शन करण्यास तेव्हा मनाई होती. या लीगने ती मुभा दिली १९४४ मध्ये. म्हणजे १९२१ साली सामन्याची सूत्रे हलवायची तर प्रशिक्षकाने मैदानात असणेच सोयीचे होते. खेळत राहिल्यामुळे पोलार्ड यांचे प्रशिक्षकपद उणे होत नाही, उलट त्याला खरा अर्थ येतो. आणि खेळाडू-प्रशिक्षक हा दुय्यम प्रकार असेल, तर तो न्याय सर्वांना लागावा. १९२० च्या दशकात बराच काळ हॅलस हे आपल्या संघाचे मालक, खेळाडू आणि प्रशिक्षक असे तिन्ही होते. त्यांच्या प्रशिक्षकपदाच्या नोंदी १९२० पासून मोजताना ‘पण ते तर खेळत होते’ असे कोणी म्हणत नाही. टोबिन यांनाही कोणी अर्धे प्रशिक्षक म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. तेव्हाची लीग विस्कळीत होती, संघ येत-जात होते, नोंदी धड नव्हत्या. म्हणून ‘आधुनिक काळ’ वेगळा मानावा. नोंदी आणि आकडेवारीपुरते हे खरेही आहे. परंतु याच लीगने २०१९ मध्ये आपला शंभरावा हंगाम वाजतगाजत साजरा केला. शंभर मोजताना सुरुवात १९२० पासूनच केली ना? विजेत्यांच्या यादीत पहिले नाव अ‍ॅक्रनचेच आहे ना? वयाचा तोरा मिरवायचा तेव्हा १९२० हे आपले, आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षकाचा प्रश्न निघाला की ते ‘पूर्वआधुनिक’! इतिहासाला असे दोन दरवाजे असत नाहीत.

या दुसऱ्या दरवाजाची गरज का भासली, हे पुढील काळ सांगतो. १९२५ मध्ये पोलार्ड हॅमंड प्रोज या संघाचे प्रशिक्षक होते. त्यानंतर १९८९ पर्यंत, तब्बल चौसष्ट वर्षे, या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नव्हता. १९३३ चा हंगाम संपला आणि कृष्णवर्णीय खेळाडूही दिसेनासे झाले; १९४६ पर्यंत एकही नाही. लेखी नियम कुठेच नव्हता. मालकमंडळी असा काही करार झाल्याचे अखेरपर्यंत नाकारत राहिली. पोलार्ड यांनी उतारवयात हॅलस यांच्यावर थेट आरोप केला, हॅलस यांनी तो फेटाळला. व्यक्तिगत दोष कोणाचा, हे बाजूला ठेवू. बारा हंगाम सर्व संघांना एकही लायक कृष्णवर्णीय खेळाडू सापडू नये, हा योगायोग मानण्यासाठी फार मोठी श्रद्धा लागते. अखेर १९४६ मध्ये रॅम्स संघ लॉस एंजेलिसला गेला. तेथील कोलिझियम हे सार्वजनिक मैदान. सर्वांच्या पैशाच्या मैदानावर भेदभाव कसा चालेल, असा तगादा कृष्णवर्णीय पत्रकारांनी लावला, तेव्हा केनी वॉशिंग्टन यांच्याशी करार झाला.

बंदीच्या त्या वर्षांत पोलार्ड हात जोडून बसले नव्हते. आधी शिकागोत, मग न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे संघ चालवले. हार्लेमच्या संघाचे नाव होते ब्राउन बॉम्बर्स, मुष्टियोद्धा जो लुइस यांच्या बिरुदावरून घेतलेले. गोऱ्या संघांशी सामने खेळून दाखवायचे होते ते एवढेच, की दोन्ही वर्णांचे खेळाडू एका मैदानावर उतरले तर आकाश कोसळत नाही.

आता कँटनच्या ‘हॉल ऑफ फेम’कडे पाहावे. १९६३ मध्ये ते उघडले तेव्हा पहिल्या सतरा मानकऱ्यांत जॉर्ज प्रेस्टन मार्शल होते. हे वॉशिंग्टनच्या संघाचे मालक. त्यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला १९६२ मध्ये, तोही केंद्र सरकारने मैदानाच्या वापरावरून दटावल्यानंतर. सर्वांत शेवटी दार उघडणाऱ्याला वर्षभरात सन्मान मिळाला. पोलार्ड यांना तो मिळाला २००५ मध्ये. ते ११ मे १९८६ रोजीच निवर्तले होते. शेल यांची नेमणूकही त्यांनी पाहिली नाही.

प्रशिक्षकाची जागा रिकामी झाल्यास किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यावी, असा ‘रूनी नियम’ लीगने २००३ मध्ये केला. त्याच्या पाठपुराव्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेने पोलार्ड यांचेच नाव घेतले. १ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी वर्णभेदाचा दावा दाखल केला, त्या दिवशी बत्तीस संघांच्या लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते एकच : पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. ‘पहिला’ १९८९ चा मानला, तर ही संथ का होईना, तेहतीस वर्षांची वाटचाल दिसते. १९२१ चा मानला, तर एकावरून एकावर यायला या लीगला एकशे एक वर्षे लागली, हे कबूल करावे लागते. नोंदवहीतला तो ‘आधुनिक’ शब्द कोणाच्या सोयीचा आहे, ते याच हिशेबात दिसते.