आधी सर्व्हरचा लॉग उघडा, मग आमचं नेट तपासायला सांगा

प्रति,
शाखांसाठी व्हीपीएन सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांचे आयटी विभागप्रमुख



तालुक्याच्या ठिकाणच्या शाखांमधलं संगणकाचं काम मी बघतो. काउंटर उघडायची वेळ होते, पासबुकं घेऊन माणसं रांगेत असतात आणि व्हीपीएन लागत नाही. हेल्पडेस्कला फोन केला की ठरलेली उत्तरं येतात: राउटर बंद करून चालू करा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावून बघा. यातला एकही उपाय चुकीचा नाही, पण क्रम उलटा आहे. तो बदला, एवढंच सांगायला हे पत्र.

ओपनव्हीपीएनची जोडणी फसली की आमच्या स्क्रीनवर बहुधा एकच संदेश येतो: साठ सेकंदांत टीएलएसची बोलणी पूर्ण झाली नाहीत, नेटवर्क तपासा. पॅकेट वाटेत अडलं तरी हाच, सर्व्हर बंद असला तरी हाच, आणि सर्व्हरने आमचं प्रमाणपत्र नाकारलं तरी पुष्कळदा हाच. शाखेतल्या माणसाने यातून काय ओळखावं? तुम्हाला मात्र ओळखता येतं. सर्व्हरवर टीसीपीडम्प लावून यूडीपी ११९४ वर नजर ठेवली की आमचं पॅकेट पोचतंय की नाही ते लगेच दिसतं. पोचत नसेल तर आमची लाईन किंवा मधला फायरवॉल बघू. पोचत असेल तर पुढचं उत्तर तुमच्या लॉगमध्ये आहे. वायरगार्ड वापरत असाल तर हे आणखी गरजेचं, कारण अनोळखी कीला तो उत्तरच देत नाही. बंद सर्व्हर आणि चुकलेली की, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

सगळ्या शाखा एकाच सकाळी बाहेर पडतात, तो प्रकार घ्या. गावोगावचे राउटर ठरवून बिघडत नाहीत. अशा वेळी लॉगमध्ये अनेकदा सापडतं की रद्द केलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीची मुदत संपली आहे. नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रवेश बंद करायला ही यादी असते, आणि ईझी-आरएसएमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर ती १८० दिवसांची बनते. मुदत उलटली की ओपनव्हीपीएन कुणालाच आत घेत नाही, ज्यांची प्रमाणपत्रं अगदी चालू आहेत त्यांनाही नाही. यादी नव्याने काढून सर्व्हरवर ठेवली की काम भागतं. तोवर इकडे सॉफ्टवेअर काढणं-टाकणं चालूच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसरा त्रास जास्त चिवट. ‘कनेक्टेड’ दिसतं, म्हणून तुमच्याकडे तक्रार मिटते, पण काम होत नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर आयपी फॉरवर्डिंग बंद राहिलेलं असतं. किंवा मुख्य कार्यालयाचं जाळं १९२.१६८.१ चं आणि शाखेच्या राउटरचंही तेच, मग पॅकेट शाखेतच घुटमळतं. किंवा लॉगिनचं पान उघडतं आणि मोठा रिपोर्ट अडकतो. तेव्हा एमटीयू बघा. इथरनेटवर १५०० बाइट, पीपीपीओईच्या लाईनवर १४९२, त्यात व्हीपीएनचं वेष्टन; वायरगार्ड सहसा १४२० धरतो तो म्हणूनच.

लॉग नाहीत, असं कुणी म्हणू नये. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवावेच लागतात. घड्याळंही एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी जुळवावी लागतात. घड्याळ काही मिनिटं सरकलं तरी ऑथेंटिकेटरचे तीस सेकंदांनी बदलणारे आकडे जुळत नाहीत, आणि खापर फुटतं कॅशियरच्या पासवर्डवर.

म्हणून मागण्या अशा:

१. तक्रार नोंदवताना पॅकेट पोचलं का, ओळख पटली का, पुढचा मार्ग मिळाला का, हे लिहा आणि शाखेलाही कळवा.

२. प्रमाणपत्रं आणि रद्द-यादी यांच्या मुदतीच्या तारखा एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका.

३. काही लाईनींवर यूडीपी अडतं. तिथल्यासाठी टीसीपी ४४३ चं दार उघडं ठेवा. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल.

४. नवं जाळं आखताना १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ टाळा.

५. सर्व्हरवर काही बदललं की बाहेरच्या मोबाईल नेटवरून जोडून बघा आणि एखादा मोठा रिपोर्ट काढा. ऑफिसात बसून ‘चालतंय’ म्हणणं ही चाचणी नव्हे.

आमची लाईन जाते, हे खरंच आहे. तेव्हा तुमच्या टीसीपीडम्पमध्ये आमचं काहीच दिसणार नाही. तसं स्पष्ट सांगा. पुराव्यानिशी सांगितलंत, तर लाईनवाल्याच्या मागे लागायला आम्ही तयार आहोत.

आपला,
शाखांमधला एक तंत्रज्ञ