मामूंच्या गाडीचा बंपर

धाकट्याने गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला लावली. बंपरला वीतभर चीर! गाडी त्याच्या मामूंची, दोन दिवसांसाठी आणलेली. "अम्मी, आधी जोडू, मग सांगू." मी म्हटलं, आधी फोन. मामू रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "बघा काय जमतं ते," एवढंच.

झटपट चिकटणारा गोंद त्याने गुपचूप लावून पाहिला होता, तो सुटला. बंपरच्या आत 'पीपी' अशी खूण होती, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्याला असला गोंद धरत नाही. मग चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. आतल्या बाजूने सोल्डरिंग आयर्नने दोन्ही कडा वितळवून एकमेकींत मिसळल्या, वर स्टीलची बारीक जाळी दाबून बसवली. धूर वाईट, म्हणून काम अंगणातच. भर घालायला केबल टाय वितळवू नका. ती नायलॉनची, पीपीशी एकजीव होत नाही. आमचा अर्धा तास त्यातच गेला.

बाहेरून घासून आधी प्लास्टिकचा प्रायमर, मग रंग. रंग मात्र जुळला नाही, उन्हात पट्टा दिसतो.

मामू आले, वाकून आतून हात फिरवला आणि धाकट्याला म्हणाले, "माझ्या स्कूटरचा मडगार्डही तडकलाय. येतोस रविवारी?"