एका मिनिटाचा शब्द

चाळिशी ओलांडल्यावर, अंदमानच्या पोस्टिंगमध्ये, मी स्कूबा डायव्हिंग शिकलो. एनडीएत असताना पीकॉक बेच्या पाण्यात होड्या चालवल्या होत्या, पण पाण्याखाली जायचे राहूनच गेले होते.

अंदमान म्हटले की नितळ निळे पाणी डोळ्यांसमोर येते. ते खरे आहे, पण बारा महिने नाही. पाऊस लागला की ओढे आणि खाड्या माती घेऊन समुद्रात उतरतात आणि लाटा तळची वाळू ढवळून काढतात. बोटीने लांब गेलेल्याला कधी स्वच्छ पाणी मिळतेही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरणाऱ्याच्या वाट्याला मात्र हाच गढूळ पट्टा येतो.

आम्ही हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, नीमो रीफवर होतो. माझा बडी मायाबंदरकडचा कारेन तरुण, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान आणि पाण्यात मुरलेला. वाळूवर उभे राहून त्याने ब्रीफिंग दिले. होकायंत्राचा बेअरिंग अमुक, परतीला त्यात 180 अंश मिळवायचे. टाकीत 200 बार हवा आहे, 100 बारला मागे फिरायचे. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचे, मग सावकाश वर यायचे. भेट पाण्यावर. मी मान डोलावली. ब्रीफिंगला मान डोलावणे आम्हा फौजींच्या अंगवळणीच पडलेले असते.

आठेक मीटरवर माझी फिन तळाला लागली आणि गाळाचा ढग उठला. तो विरला तेव्हा बडी दिसेना. टॉर्च लावला, तर धुक्यात गाडीचे अप्पर लावल्यासारखे झाले. समोर नुसती पांढरी भिंत. टाकीवर ठोकून पाहिले. पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून आला हे कानाला कळत नाही.

मिनिट संपले. मी वर गेलो नाही. साथीदाराला मागे टाकून जायचे नाही, हेच आजवर शिकलो होतो. मी घिरट्या घालत राहिलो आणि चार मिनिटांनी वर आलो.

तो पाण्यावरच होता. ठरल्याप्रमाणे मिनिटभर शोधून वर आला होता. लाटांमध्ये माझे बुडबुडेही त्याला दिसत नव्हते. मला शोधायला तो एकटाच पुन्हा खाली उतरण्याच्या तयारीत होता. "सर, एक मिनट बोला था ना," एवढेच म्हणाला आणि पुन्हा चढवलेला मास्क त्याने गळ्यात ओढला.

असले नियम नवशिक्यांसाठी असतात, अनुभवी माणसाने प्रसंग पाहून ठरवावे, असे बरेच जण म्हणतात. माझे मत आता उलटे झाले आहे. स्वच्छ पाण्यात प्रसंग पाहून ठरवता येते, कारण तुम्ही काय ठरवले ते समोरच्याला दिसते. गढूळ पाण्यात ना खूण पोचते, ना हाक. तुमच्याबद्दल त्याला एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे वाळूवर तुम्ही दिलेला शब्द. तो तुम्ही चांगल्या हेतूने मोडलात, तरी त्याच्यासाठी तुम्ही हरवलेलेच.

आणि तो खरोखर खाली जाळ्यात अडकला असता तर? तरीही वर येणेच बरोबर होते. तो पाण्यावर नाही हे मला तिथेच कळले असते, किनाऱ्यावर हाक मारून माणसे बोलावता आली असती, जागा दाखवता आली असती. तळाशी आंधळ्यासारखा फिरणारा माणूस कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

खरे तर हे मी खडकवासल्याला विशीच्या आत शिकलो होतो. कॅम्प रोव्हरच्या काळोखात वाट चुकलेल्याला शोधत कोणी रानभर भटकायचे नसते. ठरलेल्या आरव्हीवर पोचायचे. तोही तिथेच येणार, हा भरवसा ठेवायचा. मग पाण्याखाली मी ते का विसरलो? कारण मनातून मी अजून साहेबच होतो. त्याला शोधणे माझी जबाबदारी, असे मी धरून चाललो. तो स्वतःचे काम चोख करत असेल, हे मनातही आले नाही. त्याला मी धाडस म्हणत होतो, पण तो अविश्वास होता.

किनाऱ्यावरून डाइव्ह करणार असाल तर आधी पाण्याकडे बघा. फारच गढूळ असेल तर चहा पिऊन परत या, पैसे गेले तरी चालतील. उतरायचेच ठरले, तर ते एक मिनिट एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवा.

पुढच्या वेळी ब्रीफिंगच्या शेवटी माझ्या बडीने एक बोट वर केले आणि माझ्याकडे बघत थांबला. मी नुसती मान डोलावली. त्याने बोट खाली घेतले नाही. "एक मिनट," मी म्हणालो. तेव्हा कुठे तो पाण्याकडे वळला.