फिटनेसच्या कागदापलीकडची तयारी

गुडघा बदलायचे ठरले की वॉर्डात पहिला प्रश्न निघतो, ‘फिटनेस मिळाला का?’ ईसीजी, टूडी इको, रक्त-लघवीचे रिपोर्ट आणि भूलतज्ज्ञांची सही एवढे फाइलला लागले की पेशंट तयार झाला, असे आपण समजतो.

कॅनडातील ऑन्टारिओत गुडघा बदललेल्या १७०३ जणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले १९ टक्के समाधानी नव्हते, आणि या नाराजीशी सर्वांत घट्ट नाते होते ते अपेक्षाभंगाचे. आपल्याकडच्या अपेक्षा तर ओळखीच्याच: मांडी घालून पूजेला बसायचे, गावच्या घरी उकिडवे बसून शौचाला जायचे. त्यासाठी गुडघा जितका वाकावा लागतो, तितका बहुतेकांचा बदललेला गुडघा वाकत नाही. आधी किती वाकत होता, यावरही पुढचे बरेच अवलंबून असते. हे टाके काढताना सांगण्यात काय हशील?

विचारपूसही नेमकी हवी. ‘मावशी, तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘छे!’ असे उत्तर येते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारले की ‘ती होय, सकाळ-संध्याकाळ लावते.’ निकोटीन तेच, जखम भरून येण्यातला अडथळाही तोच. फक्त केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद पडलेली असते.

मग पायाची बोटे फाकवून पाहावीत. दिवसभर पाण्यात काम करणाऱ्यांच्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा एक्स-रेत दिसत नाहीत. जंतूंना मात्र तिथून वाट मिळते. ‘गॅप’साठी गुडघ्यात इंजेक्शन घेतले होते का, कधी, हेही विचारावे. ते स्टेरॉइडचे असेल, तर पुढचे तीन महिने शस्त्रक्रिया टाळलेली बरी. आणि आदल्या रात्री ब्लेडने पाय तासण्याची चाल आता तरी बंद व्हावी. केस काढणे अगदीच गरजेचे असेल तर क्लिपर वापरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितले आहे.

केवळ माहिती देऊन चमत्कार होत नाहीत, हेही मान्य करायला हवे. कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्यात शस्त्रक्रियापूर्व शिक्षणाने वेदना किंवा हालचालीत फारसा फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणून व्याख्यान आणि रंगीत पुस्तिका यांवर भागवू नये. वॉकर आधीच हातात देऊन चालवून घ्यावे. गुडघ्याऐवजी खुबा बदलायचा असेल, तर पेशंटच्या घरी कमोड आहे का, मोरीत पाटाऐवजी उंच स्टूल ठेवता येईल का, हे घरच्यांना विचारावे. दुखते म्हणून रात्रभर गुडघ्याखाली घेतलेली उशी त्याच दिवशी काढायला सांगावी. तिच्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो.

यातले काहीही आदल्या संध्याकाळी उरकण्यासारखे नाही. मशेरी सुटायला चार-सहा आठवडे हवेत, तर तीन महिन्यांची सरासरी साखर खाली यायला त्याहून अधिक. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख लिहून देताना त्याच कागदावर फिजिओथेरपिस्टच्या पहिल्या भेटीची तारीखही लिहावी, आणि ती किमान दीड महिना आधीची असावी.