'प्रतिपादन' केले म्हणजे काय केले?

पुण्यातील कोणत्याही सभेचे वृत्त दुसऱ्या दिवशी वाचावे. समारोप ठरलेला असतो: 'असे प्रतिपादन अमुक यांनी केले.' वक्त्याने इच्छा व्यक्त केलेली असो, उपदेश केलेला असो वा निव्वळ गौरव. बातमीत त्याचे प्रतिपादनच होते. परंतु केवळ वृत्तपत्रांना दोष देऊन आपली सुटका नाही. एम. ए.च्या उत्तरपत्रिकांत कवीही 'प्रतिपादन' करतो आणि कादंबरीतील पात्रही. ही सवय विद्यार्थ्यांना आम्हा प्राध्यापकांच्या टिपणांतूनच लागली आहे.

शब्दाची घडण पाहू. 'पद्' म्हणजे जाणे. 'प्रति' हा उपसर्ग लागला की पोचणे, मिळवणे, उमगणे असे अर्थ येतात. पक्षाच्या आरंभीची प्रतिपदा, म्हणजे आपला पाडवा, याच कुळातला. या धातूचे प्रयोजक रूप 'प्रतिपादयति'. म्हणजे पोचवणे, मिळवून देणे, पटवून सिद्ध करणे. म्हणूनच संस्कृतात सत्पात्री दान देण्यालाही प्रतिपादन म्हटले गेले. बोलणाऱ्याचा आवेश या शब्दात कोठेच नाही. घेणाऱ्याच्या हाती काही पडणे मात्र अनिवार्य आहे.

न्यायशास्त्राने अनुमानवाक्याचे पाच अवयव मानले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. ठाम विधान ही केवळ प्रतिज्ञा. तेथेच थांबणाऱ्याने प्रतिपादनाला आरंभ केला, इतकेच म्हणता येईल.

लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' 1893 मध्ये प्रसिद्ध झाला. वेदकाळ इसवी सनापूर्वी सुमारे 4000 वर्षांपर्यंत मागे नेणारा त्यांचा निष्कर्ष आज बहुतेक अभ्यासक स्वीकारत नाहीत. तरीही वसंतसंपात मृगशीर्षात असल्याचे वैदिक वाङ्मयातील संकेत आणि संपातचलनाचे गणित त्यांनी वाचकापुढे ठेवले. त्यामुळे निष्कर्ष नाकारतानाही कोणती पायरी डळमळीत आहे, हे दाखवता येते. अमान्य ठरूनही ते प्रतिपादन आहे. उलट, एखादे विधान योगायोगाने खरे निघाले, म्हणून ते प्रतिपादन होत नाही.

नुसत्या ठामपणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. आपण ठासून सांगतो, जशी बंदुकीत दारू ठासावी, ठणकावतो, छातीठोकपणे बोलतो, आणि आधार नसला तर सरळ ठोकून देतो. हे सारे शब्द जोराचे आहेत आणि आपापल्या जागी चोख आहेत.

यावर आक्षेप येईल की अर्थ रूढीने ठरतो, धातूने नव्हे. मान्य. व्युत्पत्ती हा भाषेचा कायदा नाही. परंतु येथे एका अर्थाच्या जागी दुसरा आलेला नाही. भेदच पुसला गेला आहे. सिद्ध करणे आणि नुसते म्हणणे यांना एकच शब्द पुरू लागला, की म्हणणाऱ्याला सिद्ध केल्याचे श्रेय फुकट मिळते आणि पुरावा मागणारा उद्धट ठरतो. वाङ्मयाच्या वर्गात हे घडणे अधिक घातक, कारण पुरावा मागण्याची सवय लागायची ती तेथेच.

तेव्हा पुढील उत्तरपत्रिकेत 'लेखक असे प्रतिपादन करतो' हे वाक्य आले, की समासात लाल शाईने एकच शब्द लिहावा: 'हेतू?' आणि तत्पूर्वी तो आपल्या स्वतःच्या टिपणांवर लिहावा.